पागोळीच्या आत

नारळी पौर्णिमा जवळ आली की आमच्या घरात ‘वाढव’ हा शब्द फार ऐकू येतो. आई नारळ कानाशी हलवून आतलं पाणी ऐकते आणि म्हणते, हा खाडीला द्यायचा आणि हा घरात वाढवायचा. निजायच्या आधी देवापुढचा दिवा वाढव म्हणते. परवा माझ्या धाकट्या बहिणीचा हात पाट्यावर आपटला आणि तिची बांगडी गेली, तर तीही आमच्याकडे फुटली नाही, वाढली. आमच्या घरात काही फुटत नाही, विझत नाही. सगळं वाढतं.

मी आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. अशुभ शब्द टाळून बोलायची ही रीत मराठीच्या तासाला शिकवली तेव्हा वर्ग हसला होता, आणि वर्गाबरोबर मीही हसले होते. आता हसू येत नाही. परवा बहिणीची बांगडी गेली तेव्हा मी भाकरी थापत होते. आई म्हणाली, “वाडली काय गं?” आणि माझा हात तसाच पिठात राहिला. आईनं माझ्याकडे पाहिलं. नंतर तिनंच ते काचेचे तुकडे वेचून तुळशीच्या बुडाशी टाकली.

हे सगळं मला नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात लिहिणारी मीच पहिली. बाबांना सही करता येते, ती जमिनीच्या कागदांवर करावी लागली म्हणून शिकले. त्यामुळे लिहायला बसलं की मला नेहमी वाटतं, आपण कुणाच्या तरी जागेवर बसलो आहोत आणि ते आता येऊन उठ म्हणतील.

आमचं तळवली गाव ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून आहे. रस्त्याच्या वरच्या अंगाला कंपन्या आणि त्यांच्या मागे डोंगर. खालच्या अंगाला गाव, गावाखाली खारी जमीन, मग तिवरांची झाडी, मग खाडी. जमीन आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध. मी लहान असताना बांधाला भोक पडल्याची हाळी आली की भरल्या ताटावरून माणसं उठायची. पेंढा, चिखल, काट्याकुट्या, हाताला येईल ते घेऊन धावायची. बायका घमेली घेऊन मागोमाग. भोक बुजलं की सगळे चिखलानं माखलेले एकमेकांना हसत परत यायचे आणि गार झालेला भात खायचे. मग नव्या शहरासाठी शेतं गेली. शेतं गेली तसा बांधाला धनी राहिला नाही. बाबा कंपनीत लागले. ज्याच्या मागे आपलं काही उरलं नाही तो बांध कोण राखणार?

मी दुसऱ्या वर्षाला होते त्या श्रावणात पौर्णिमेचं उधाण, पाऊस आणि पश्चिमेचा वारा असे तिन्ही एकाच दिवशी आले. सकाळी गावानं वाजतगाजत खाडीला नारळ दिला. संध्याकाळी तीच खाडी बांध ओलांडून गावात आली. खालच्या आळीत ती घरांच्या जोत्याला लागली, मग चुलीपर्यंत गेली. आमचं घर रस्त्याच्या बाजूला, उंचावर, म्हणून राहिलं. पाणी ओसरल्यावर मी खाली गेले तेव्हा मला पहिल्यांदा दिसली ती एका घराच्या आतली फळी. फळीवर डबे ओळीनं मांडलेले होते, एकही हललेला नव्हता, आणि फळीच्या बाजूची भिंतच नव्हती. रस्त्यावरून डबे दिसत होते. कुणाच्या घरातलं असं दिसू नये ते दिसलं की आपणच नजर खाली घालतो.

कॉलेजात समाजसेवेचं पथक होतं. त्याचे सर एक दिवस वर्गात आले आणि म्हणाले, खाडीकाठच्या गावांत घरं पडली आहेत, सरकार घरदुरुस्तीला अनुदान देणार आहे, पण लोकांना ते माहीतच नाही. दारोदार जाऊन सांगायला मुलं हवीत. तिकडचं कोणी आहे का? मी हात अर्धाच वर केला. सरांना तो दिसला.

माझ्याबरोबर नीलिमा आली. तिचे वडील वाशीत नोकरीला, घर मूळचं सांगलीकडचं, इथे फ्लॅटमध्ये राहायचे. नीलिमा चांगली मुलगी. चिखलात तिच्या चपला रोज रुतायच्या आणि ती रोज तशीच यायची. सरांनी आम्हाला तीन गोष्टी पाठ करून दिल्या होत्या. अनुदान मिळतं हे सांगायचं. पाहणीला साहेब येईपर्यंत पडलेलं तसंच ठेवा म्हणायचं. आणि साहेबांनी विचारलं की घरमालकानं स्वतःच्या तोंडानं, स्पष्ट, काय पडलं ते सांगायचं.

सोपं वाटलं होतं. पहिल्याच दारात एक म्हातारी म्हणाली, “अनुदान म्हंजे दानच ना गं? आमी दान घेत नाय. आमी देतो.” नीलिमानं तिला दान आणि अनुदान यातला फरक समजावला. म्हातारीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि आम्हालाच शेर शेर तांदूळ देऊ केले. दुसऱ्या दारात एक काका बसले होते, त्यांनी आमच्या हातातला कागद पाहिला आणि पाय दारात आडवा घातला. काका म्हणाले, मागल्या टायमाला अशेच कागद घेऊन आलेले, शेत गेला. आता घर पडला काय इचारता, उद्या जागा न्याल. त्यांचं खोटं नव्हतं. मग नीलिमाच म्हणाली, काका, आम्ही न्यायला नाही, द्यायला आलोय. काका म्हणाले, ते पन असाच बोलले होते. पण पाय काढला त्यांनी. चहाही दिला, बिनदुधाचा.

खरी अडचण पुढेच होती आणि ती कळायला मला वेळ लागला. माझ्या गावची असून. आम्ही विचारायचो, काय पडलं? भिंत समोर आडवी झालेली असायची, कौलं चिखलात, वासे उघडे. आणि घरची माणसं म्हणायची, काय नाय, जरा वाडलाय. किंवा नुसती मान हलवायची. एका दारात एका मिशीवाल्या काकांनी नीलिमाला बोटानं खूण केली आणि छत्री घेऊन चालायला लागले. आम्ही मागोमाग. पार चिंचेखाली नेलं, घराकडे पाठ केली आणि हळूच म्हणाले, “आता लिव. पडला. पार पडला. मागचा सगला.” नीलिमा म्हणाली, मग घरातच का नाही सांगितलं काका? “घरात बसून घराची चुगली करतात काय?” ते म्हणाले, आणि काहीच न घडल्यासारखे परत गेले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वास्तू तथास्तु म्हणते. घरात बोललेलं घर ऐकतं आणि होकार देतं. हे मी जन्मल्यापासून ऐकत आले आहे. घरात मरणाचं नाव काढलं की आजी माझ्या तोंडावर हात ठेवायची. आणि आम्ही काय करत होतो? दारात उभं राहून माणसांना म्हणत होतो, म्हणा, आमचं घर पडलं.

त्यानंतर आम्ही माणसांना बाहेर बोलवायला लागलो. कुठपर्यंत बाहेर, याचाही नियम होता आणि तो बायकांना पक्का ठाऊक होता. कौलांच्या टोकावरून पावसाची धार जिथे जमिनीवर पडते, ती पागोळी. पागोळीच्या आत घर. पागोळीच्या बाहेर जग. तिच्या बाहेर एक पाऊल टाकलं की काय ते बोलायला मोकळीक. खालच्या आळीत त्या दिवसांत छत्र्या धरून बायका पागोळीबाहेर उभ्या आहेत आणि आमच्या कानात पडझड सांगत आहेत, असं चित्र होतं. नीलिमाला त्याचं हसू यायचं आणि कौतुकही वाटायचं. तिच्या घरी मी एकदा जेवायला गेले होते तेव्हा तिनं हे आईला सांगितलं. त्या भात वाढत होत्या. डाव हातात तसाच धरून म्हणाल्या, “अगं मग कमलला भात वाढू की नको वाढू?” आम्ही तिघी खूप हसलो. त्या फ्लॅटच्या भिंती पांढऱ्या होत्या, गुळगुळीत, त्यांवर ओल नव्हती. मला ते हसणं अजून आठवतं. त्यात काही वाईट नव्हतं.

हौशीआजीचं घर आळीत सगळ्यात शेवटी, खाडीकडे. तिच्या दारातल्या जांभळीखाली मी शाळेत असताना जांभळं वेचायला जायची. तिचा नवरा धर्माबाबा. उभा जन्म त्यानं डोंगरातल्या खाणीवर दगड फोडला आणि रोज संध्याकाळी उतरताना खांद्यावर एक दगड घेऊन आला. असं करत करत त्यानं मागची भिंत उभी केली होती. आळीतली पोरं त्याला चिडवायची, बाबा, डोंगर घरी नेताय काय? तो म्हणायचा, त्याला बी खाडी बघायची हाय. त्याला एकेक दगड माहीत होता. हा लग्नाच्या पावसाळ्यातला, हा पोर झाली तेव्हाचा, हा हाताला लागला होता तो. पोर सासरी गेली, खाण सुटली, आणि छातीत दगडाची भुकटी राहिली. आम्ही गेलो तेव्हा तो धापेनं अंथरुणाला होता. एवढ्याशा बोलण्यानंही दम लागायचा म्हणून तो फारसा बोलत नसे, डोळे तेवढे फिरायचे.

तीच मागची भिंत गेली होती. पाणी आलं तेव्हा आजीनं त्याला पुढच्या पडवीत ओढून आणलं होतं, एकटीनं, आणि ओसरल्यावर पुन्हा आत निजवलं होतं. आम्ही गेलो तेव्हा घर पाठीमागून उघडं होतं. आतून सरळ तिवरं दिसत होती आणि खाडीचा वारा थेट त्याच्या अंथरुणावर येत होता.

नीलिमानं विचारलं, आजी, कुठली भिंत पडली? आजीनं पटकन ओठांवर बोट ठेवलं आणि आत पाहिलं. “हलू बोल गं बाय,” ती म्हणाली. “वाडली ती. मागली.”

आतून धर्माबाबानं विचारलं, कोन हाय? आजी म्हणाली, वरल्या आलीची कॉलेजवाली कमल आनि तिची मैत्रीन. भित वाडली ती बघाय आल्यात. त्याला का ठाऊक नव्हतं? त्याच्या उशापासून चार हातांवर ती गेली होती. पण त्या घरात त्या दोघांनी मिळून ठरवलेलं होतं, न बोलता ठरवलेलं, की भिंत वाढली आहे. आजारी माणूस आत निजलेला असताना त्या घरात दुसरा शब्द उच्चारायचा नाही. घरानं तथास्तु म्हटलं तर ते कुणाला लागेल, हे आजीला कुणी सांगायला नको होतं.

मी तिला पागोळीबाहेर नेलं आणि सगळं समजावलं. अनुदान मिळालं तर सिमेंटची भिंत होईल, वारा थांबेल, बाबाला ऊब मिळेल. तिनं एवढंच विचारलं, थंडीच्या आत होल? मी म्हटलं, होईल. मग साहेब आले की त्यांना इथे, बाहेर आणायचं आणि पडली म्हणायचं, एवढं तिनं कबूल केलं. मला वाटतं तिनं ते मनात घोकलंही. पुढे कधीही तिच्या दारावरून गेले की ती मला बाहेर बोलवायची आणि हळूच म्हणायची, “पडली. बराबर ना?” बरोबर, मी म्हणायची. आणि ती लगेच घराकडे वळून बघायची, ऐकलं तर नाही ना म्हणून.

पण साहेब काही येईनात. इकडे गणपती जवळ आले. खालच्या आळीत घरोघर गणपती येतो, आणि गणपती येणार म्हटल्यावर कोण घर उघडं ठेवील? सरांनी सांगितलं होतं, पडलेलं तसंच ठेवा. मी ते दारोदार पुन्हा सांगत फिरले. आजी माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, देवाला उघड्यावर बसवू? मला आठवलं, आमच्या घरीही त्याच दिवशी आई भिंती सारवत होती. दुसऱ्या दिवशी आळीतले सगळे जमले, जसे पूर्वी बांधाला जमायचे तसेच, आणि एका दिवसात धर्माबाबाचे ते दगड ओल्या मातीत पुन्हा एकावर एक चढवले. पाऊस चालूच होता. वरून ताडपत्री धरली होती. बायकांनी चहा केला, थट्टा चालली होती, एक जण म्हणाला, आजी, आता भित खरीच वाडली, बघ, एक वीत फुडं गेली. आजीही हसली. भिंत सरळ आलीच नव्हती, पोट काढून खाडीकडे झुकली होती.

धर्माबाबाला परत आतल्या जागेवर निजवलं. तो भिंतीकडे बराच वेळ बघत होता. मग दम घेत घेत म्हणाला, “ह्यो दगड हितला नाय.” आजीनं त्याच्या अंगावर गोधडी ओढली आणि म्हणाली, निज. आता त्योच हितला.

साहेब आले ते गौरी-गणपती गेल्यावर, भर पावसात. तालुक्याहून येऊन घर घर पाहत आळीच्या टोकापर्यंत येईतो त्यांची पॅण्ट गुडघ्यापर्यंत भिजली होती. ते घाटावरचे होते, बोलण्यावरून कळत होतं. वाईट माणूस नव्हते. हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्यांना दिवसभरात आळीत ठिकठिकाणी नव्या खोल्या, नवे ओटे दिसले होते. शहर येतंय म्हणून ज्याला जमेल तो जागा धरत होता. पडझडीला अनुदान, वाढीव बांधकामाला नाही, हे त्यांना कचेरीतून बजावून सांगितलेलं असणार.

ते पडवीत आले. कागद त्यांनी शर्टाच्या आत, पोटाशी धरले होते. मागे जाऊन त्यांनी भिंत पाहिली. ओली माती, नवं काम, आणि एक वीत पुढे. परत येऊन पडवीत उभे राहिले आणि म्हणाले, आजी, या भिंतीचं काय झालं?

आजी सरळ त्यांच्या बाजूनं गेली आणि पागोळी ओलांडून पावसात जाऊन उभी राहिली. छत्री घेतली नाही. पदर डोक्यावरून सरकला. तिथून तिनं हातानं खुणावलं, हितं या, सायब, हितं. साहेबांनी शर्टातल्या कागदांवर हात ठेवला. मी घाईघाईनं त्यांना सांगत होते की सर, ती घरात बोलणार नाही, तिची रीत आहे, तुम्ही एक पाऊल बाहेर चला. ते म्हणाले, अगं, कागद भिजले तर सगळ्या आळीचं काम जाईल. ते खरं होतं. आजी बाहेरून काहीतरी म्हणाली. तिचे ओठ हलले. कौलांवर, जांभळीवर, चिखलावर सगळीकडे पाऊस पडत होता आणि मोठ्यानं बोललं तर आत ऐकू गेलं असतं. मला शब्द ऐकू आला नाही, पण तोच होता. तो मी इतक्यांदा तिच्या ओठांवर पाहिला होता.

साहेबांनी कानामागे हात धरला. मग त्यांना तिची कीवच आली असावी. म्हातारी बाई थंडीनं कुडकुडत होती. “आजी, भिजू नका,” ते म्हणाले. “आत या. आत येऊन सांगा.”

मी त्यांच्या कानाशी म्हटलं, सर, ती म्हणाली, पडली म्हणाली. ते म्हणाले, मी ऐकलं नाही ना, ताई. तिचं तिलाच सांगू दे.

आजी आत आली. तिच्या लुगड्यातून पडवीत पाणी निथळत होतं. साहेब तिच्यासमोर थोडे वाकले आणि लहान मुलाला विचारावं तसं म्हणाले, “आजी, भिंत पडली होती का? हो म्हणा फक्त.”

आतून धर्माबाबाच्या धापेचा आवाज येत होता. आत, बाहेर. आत, बाहेर. मग तो थांबला. तो ऐकत होता. आजीनं आतल्या काळोखाकडे पाहिलं. मी तिच्याकडे बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हण. नुसतं हो. त्यात तो शब्दही नाही.

“नाय,” ती म्हणाली. “वाडली.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग कागद काढले आणि लिहिलं, वाढीव बांधकाम.

कुणाचा राग करावा, हे मला आजही कळत नाही. पावसात भिजणाऱ्या बाईला आत या म्हणणाऱ्याचा करायचा? त्या दिवशी मी नीलिमाला रस्त्यापर्यंत सोडायला गेले आणि ती बसथांब्यावर रडली. मी रडले नाही. मी तिला विचारलं, तुमच्याकडे सांगलीला भिंत गेली तर काय म्हणतात? ती म्हणाली, पडली म्हणतात. मग हळूच म्हणाली, पण माझी आजी गेली तेव्हा आईच्या घरी कुणी मेली म्हटलं नाही गं, देवाघरी गेली म्हटलं. बस आली. तेवढंच बोलणं झालं.

मी नंतर तालुक्याला दोनदा जाऊन आले. सरही आले बरोबर. लिहिलेलं बदलत नाही, असं कळलं. आजीनं कधी मला त्याबद्दल विचारलं नाही. दारावरून गेले की हाक मारायची, पण आता बाहेर बोलवायची नाही. पडवीत बसवायची.

पावसात घातलेली भिंत वाळत नाही. वरून कोरडी दिसते, आत ओल धरून असते. थंडीत तिच्यातून गारवा झिरपायचा आणि धर्माबाबाची धाप वाढायची. ‘वाढायची’ असं लिहिलं मी. दुसरा शब्द नाही सापडत. पुढच्या वर्षी आषाढातल्या उधाणाला एका पहाटे भिंत खाडीच्या बाजूला गेली आणि मागची कौलंही तिच्याबरोबर गेली. बाबाला पुतण्याच्या घरी हलवलं. तिथे ऊब होती, दूध होतं, पुतण्याची बायको प्रेमळ होती. पण तो त्या भिंतींकडे बघायचा नाही. त्या विटांच्या होत्या, सगळ्या सारख्या. थोड्या दिवसांनी तो गेला.

त्याला आपल्या घरातूनच न्यायचं म्हणून परत आणलं. पुढची पडवी तेवढी शाबूत होती. तिथे ठेवला. आळीतल्या बायका आजीभोवती बसल्या होत्या. मी लग्नाच्या वयाची पोर, मला पुढे जायची मुभा नव्हती, म्हणून जांभळीपाशी उभी होते. तिथून ऐकू आलं. कुणीतरी म्हणालं, “तिच्या बांगड्या वाडवा गं.” हिरव्या होत्या, दोन्ही हातभर. बायका इकडेतिकडे दगड शोधायला लागल्या. आजी उठली आणि मागच्या ढिगातला एक दगड आणून तिनं त्यांच्यापुढे ठेवला. कोणता होता कोण जाणे. त्यालाच माहीत असणार.

सगळं आटोपल्यावर, माणसं आंघोळीला गेल्यावर, मी तिच्यापाशी जाऊन बसले. पाऊस बारीक झाला होता. कौलांवरून पाणी थेंबथेंब गळत होतं आणि आम्ही दोघी त्याच्या आतल्या बाजूला होतो. मग आजी म्हणाली, तुझी ती कागदवाली मैत्रीन कंय हाय? मी म्हटलं, तिच्या घरी. मग तू लिव, ती म्हणाली.

“काय लिहू आजी?”

“भित पडली.”

मला वाटलं, तिला कळलं नाही आपण कुठे बसलो आहोत. मी उठले, तिचा हात धरला आणि म्हटलं, आजी, चल, भायेर चल, पागोलीच्या भायेर सांग. तिचं मनगट मोकळं होतं, माझ्या मुठीत सबंध आलं. तिनं ते हळूच सोडवून घेतलं आणि जिथे होती तिथेच बसून राहिली.

“ऐकू दे आता घराला,” ती म्हणाली. “भित पडली. घर पडला. लिव.”